तार आधी, यंत्र मागाहून

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांना मोटारीचा लांबचा प्रवास काही नवा नाही. पुण्यास भाचीचे लग्न, कोल्हापुरास देवीचे दर्शन, नाशकास कुणाचे तरी सहस्रचंद्रदर्शन, असे वर्षातून एकदा-दोनदा काही ना काही निघतेच, आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबादेहून गाडी रस्त्याला लागते. डब्यात दशम्या आणि चटणी, पायाशी पाण्याची बाटली आणि सोबतीला गाणे. पहाटे भूपाळ्या, ऊन चढले की नाट्यपदे, आणि मुलांनी हट्ट धरला की त्यांची ती धडधडणारी गाणी. गाण्यावाचून दहा-बारा तासांचा रस्ता सरत नाही, हे निराळे सांगावयास नको.

ह्या गाण्यापायीच आमच्या कुटुंबावर एकदा जो प्रसंग गुदरला तो, आणि त्यातून आम्ही जे शिकलो ते, आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही विजेच्या कामातले जाणकार नव्हे. घरातला फ्यूज बदलणे एवढीच आमची मजल होती. परंतु त्या प्रसंगानंतर एका वृद्ध मिस्त्रींच्या शेजारी दोन दुपारी बसून आम्ही जे डोळ्यांनी पाहिले आणि मीटर हातात घेऊन तपासले, ते इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

हौसेला मोल नसते

मोटारीत गाणे ऐकण्याची हौस जुनीच आहे. १९३० साली अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी ‘मोटोरोला’ ह्या नावाने मोटारीत बसविण्याचा रेडिओ बाजारात आणला. १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट काढली आणि पुढे ती गाडीतही आली. आज कॅसेट गेली, सीडीही जवळजवळ गेली. खिशातल्या मोबाईलमधून गाणे तारेवाचून स्टिरिओत उतरते. एक गोष्ट मात्र तशीच आहे. गाडीबरोबर येणाऱ्या स्टिरिओची ताकद बेताची असते. बॅटरीच्या बारा व्होल्टांवर त्याला दर स्पीकरमागे साधारण पंधरा-वीस वॉटच देता येतात. त्याहून भरदार आवाज हवा असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, बसवावा लागतो. तो बॅटरीचा दाब स्वतःच्या पोटात वाढवून घेतो आणि मग स्पीकरांना जोमाने हलवतो.

आमच्या चिरंजीवांनी २०१९ च्या दिवाळीत असा एक ॲम्प्लिफायर आणि चार स्पीकर घेतले. ज्या दुकानात घेतले त्यांनीच तो दोन तासांत डिकीत बसवूनही दिला. पहिल्या दिवशी घरातली सगळी मंडळी गाडीत बसून आली. तबल्याचा ठेका छातीत वाजतो म्हणून नातवंडे हरखली.

आठवड्याभरात कुरबुरी सुरू झाल्या. गाडीचा वेग वाढला की गाण्यामागून ‘कुंईं’ असा बारीक सूर निघे. ॲक्सिलरेटर दाबावा तसा तो चढे, सोडावा तसा उतरे. मागील डाव्या दाराचा स्पीकर खड्ड्यातून गेल्यावर खरखरे, आणि कधी कधी ॲम्प्लिफायरवरचा तांबडा दिवा लागून सारेच गप्प होई. नोव्हेंबरात दोनदा सकाळी गाडी चालू होईना, बॅटरी उतरलेली. दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, “मशीनच कमजोर निघाली, ह्याहून वरची घ्या.” चिरंजीवांनाही ते पटले. आम्ही मात्र त्या कुरबुरींकडे, म्हाताऱ्या पंख्याच्या कुरकुरीकडे पाहावे तसे पाहिले. गाडी चालते ना, मग झाले! आज वाटते, ती गाडी महिनाभर आम्हांस सांगत होती आणि आम्ही ऐकत नव्हतो.

खलघाटाच्या अलीकडे

डिसेंबरात पुण्यास लग्नासाठी निघालो. पुढे चिरंजीव आणि आम्ही, मागे सौ., सूनबाई आणि दोघे नातू, झोपलेले. मानपूरचा घाट उतरून खलघाटाकडे निघालो असता सूनबाई म्हणाल्या, “बाबा, काहीतरी जळाल्यासारखा वास येतोय.” कुठे शेतात पालापाचोळा पेटवला असेल असे म्हणून आम्ही काच खाली केली, तर वास बाहेर नव्हता, आत होता. पाहता पाहता डॅशबोर्डाखालून, चिरंजीवांच्या पायांपाशी, निळसर धुराची रेघ वर आली.

गाडी कडेला घेतली, किल्ली काढली, मुलांना उचलून रस्त्यापलीकडे नेले. येथे एक गोष्ट आमच्या मनावर कायमची कोरली गेली. किल्ली काढली तरी धूर थांबला नाही. स्टिरिओ बंद, इंजिन बंद, किल्ली हातात, आणि तार जळतेच आहे! बॉनेट उघडले तर बॅटरीपासून निघालेली एक तांबडी तार इंजिन आणि बैठकीची जागा यांमधील पत्र्याच्या भिंतीत जेथे शिरत होती, तेथे तिचे प्लॅस्टिक वितळून टपकत होते. आमच्यापाशी पाना नव्हता. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने थांबून, काही न विचारता, आपल्या पेटीतून दहा नंबरचा पाना काढला आणि बॅटरीचे काळे टोक सोडवले. तेव्हा ते थांबले.

त्या सद्गृहस्थाचे नावही आम्ही विचारले नाही, तेवढे भान नव्हते. त्यानेच ती जळकी तार बॅटरीपासून तोडून बाजूला गुंडाळली, गाडी चालू करून पाहिली आणि जा म्हणाला. पुढे पुण्यापर्यंत गाडीत गाणे नव्हते, आणि कोणी गुणगुणलेही नाही.

बारा व्होल्टांची भीती का वाटत नाही?

परत आल्यावर रामबागेकडील एका मिस्त्रींकडे गाडी नेली. चाळीस वर्षे मोटारींच्या वायरिंगचेच काम केलेले. चिरंजीवांनी आपली तक्रार सांगितली की, “चाचा, यह ॲम्प्लिफायर खराब निकला, इसे निकाल दो.” मिस्त्री हसून म्हणाले, “भिया, मशीन बेचारी क्या करे? पहले तार तो देख लें.” पुढील दोन दुपारी त्यांनी हेच एक सूत्र धरले: तार आधी, यंत्र मागाहून.

त्यांनी प्रथम जे समजावले ते आम्ही आपल्या भाषेत सांगतो. घरातील वीज २३० व्होल्टांची. तिला आपण भितो, कारण ती झटका देते. गाडीची बॅटरी बारा व्होल्टांची. तिच्या दोन्ही टोकांना हात लावला तरी काही होत नाही. म्हणून आपण तिला गरीब समजतो. परंतु व्होल्ट म्हणजे गच्चीवरील टाकीची उंची आणि अँपिअर म्हणजे नळातून वाहणारे पाणी. टाकी बुटकी असेल तर तेवढेच काम करून घेण्यास पाणी फार वाहावे लागते. १००० वॉटची इस्त्री घरात जेमतेम साडेचार अँपिअर घेते. स्पीकरांना २०० वॉट देणारा साधा ॲम्प्लिफायर, त्यातील निम्मी शक्ती उष्णतेत जाते असे धरले, तर बॅटरीकडून सुमारे ४०० वॉट मागतो. आणि ते बारा-चौदा व्होल्टांवर द्यावयाचे म्हणजे ३० अँपिअरच्या घरात प्रवाह झाला. इस्त्रीच्या जवळजवळ सातपट! गाणे सतत एकाच जोराने वाजत नाही, म्हणून हा प्रवाह सदासर्वकाळ नसतो. पण तारेची निवड त्याच हिशेबाने करावी लागते.

आता तारेचा हिशेब पाहा. बॅटरी पुढे, ॲम्प्लिफायर डिकीत, म्हणजे सुमारे पाच मीटर तार. आमच्या गाडीत दुकानदाराने घरच्या पॉवर प्लगला वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तार टाकली होती. तिच्यातून ३० अँपिअर गेले तर वाटेतच एक व्होल्ट खर्ची पडतो आणि तीस वॉट उष्णता निघते. दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असती तर पाव व्होल्टच पडता. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हे जेम्स जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास प्रयोगाने दाखविले होते. आमच्या दुकानदारापर्यंत ते पोचले नव्हते एवढेच.

बाजारात हल्ली तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही ‘ॲम्प्लिफायर किट’ म्हणून मिळते. ती स्वस्त आणि हातात हलकी लागते, परंतु त्याच जाडीच्या तांब्याच्या मानाने तिची वहनशक्ती साधारण दोन-तृतीयांश. चाकूने एक धागा खरवडून पाहावा. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर ती तांब्याची नव्हे. तीच वापरावयाची असेल तर एक-दोन मापे जाड घ्यावी.

फ्यूज कोणासाठी?

आमच्या ॲम्प्लिफायरच्या अंगावर वीस-वीस अँपिअरचे दोन फ्यूज होते. चिरंजीव म्हणाले, “बाबा, फ्यूज तर आहेत, मग तार जळाली कशी?” हाच प्रश्न आम्हांसही पडला होता. उत्तर सोपे आहे, पण ते माहीत नसल्यामुळे गाड्या जळतात. ॲम्प्लिफायरवरील फ्यूज ॲम्प्लिफायरपुरता. बॅटरीपासून त्याच्यापर्यंत येणाऱ्या पाच मीटर तारेला तो वाचवू शकत नाही, कारण तो तारेच्या शेवटी आहे. मध्येच तारेचे कातडे सोलून ती गाडीच्या पत्र्याला टेकली तर बॅटरी त्या वाटेने शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि तो प्रवाह त्या फ्यूजपर्यंत जातच नाही.

आमच्याकडे नेमके तेच घडले. पत्र्याच्या भिंतीला भोक पाडून त्यातून तार ओढलेली. भोकाला रबराचे कडे बसविले नव्हते. पत्र्याची धार आणि इंजिनाची थरथर यांनी दीड महिन्यात प्लॅस्टिक कातले. घाट उतरताना तार पत्र्याला टेकू लागली आणि तापली.

म्हणून नियम असा: तांबड्या जाड तारेवर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत एक फ्यूज हवाच. तो तारेसाठी आहे. त्याचे माप तारेला झेपेल त्याहून मोठे कधीही नसावे. दहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला पन्नास अँपिअरपर्यंतचा फ्यूज योग्य. ॲम्प्लिफायरचे स्वतःचे फ्यूज मिळून चाळीसचे असतील तर तेथेही चाळीसचा पुरतो. फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा घालणे म्हणजे ताप मोजणारी काचेची नळी फोडून ताप उतरला म्हणणे होय. पूर्वी घरोघरी सिगारेटच्या पाकिटातील चांदी फ्यूजला गुंडाळीत, तसलाच हा प्रकार. गाडीतील पात्यांच्या फ्यूजना रंग ठरलेले असतात: दहाचा तांबडा, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, पंचविसाचा पांढरा, तिसाचा हिरवा. जो गेला त्याच रंगाचा घालावा.

मीटर हातात घेऊन

मिस्त्रींनी मग एकेक दुखणे हाती घेतले. त्यांच्यापाशी काही शे रुपयांना मिळणारा साधा मीटर होता. त्यांची पद्धत आम्ही क्रमाने देतो. तारांना हात लावण्यापूर्वी बॅटरीचे काळे टोक प्रथम सोडवावे आणि सर्वांत शेवटी जोडावे. तांबडे आधी सोडवू लागल्यास पाना चुकून पत्र्याला लागतो आणि ठिणगी उडते. पुढील तपासण्यांपैकी ज्यांना वीज लागते तेवढ्यांसाठीच ते जोडावे.

पहिली तपासणी बॅटरीची. पुरती भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता साधारण १३.८ ते १४.४. येथेच आकडा कमी असेल तर पुढे शोधण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी ॲम्प्लिफायरच्या तीन खुंट्यांची. एकीवर जाड तांबडी तार, दुसरीवर काळी, म्हणजे अर्थची, आणि तिसरीवर एक बारीक तार, स्टिरिओ चालू झाल्याचा निरोप देणारी. बाजारात तिला ‘रिमोट’ म्हणतात. मीटरची काळी सुई काळ्या खुंटीवर आणि तांबडी सुई तांबड्या खुंटीवर ठेवली की बॅटरीइतकाच आकडा यावा. न आल्यास काळी सुई उचलून गाडीच्या उघड्या लोखंडाला लावावी. आता आकडा आला तर तांबडी तार निर्दोष, दोष अर्थचा. तरीही न आला तर फ्यूज किंवा तांबडी तार पाहावी. रिमोटच्या खुंटीवर स्टिरिओ चालू असता बारा व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य यावे.

आमच्या गाडीत ह्या तिसऱ्या खुंटीने बॅटरी उतरण्याचे कोडे सुटले. स्टिरिओ बंद केला तरी तेथे बारा व्होल्ट होतेच. नव्या बाजारी स्टिरिओच्या तारांचे रंग सामान्यतः असे असतात: पिवळी सदैव बॅटरीची, तांबडी किल्लीची, काळी अर्थची, आणि निळ्यावर पांढरी रेघ असलेली ॲम्प्लिफायरला निरोप देणारी. दुकानदाराने निरोपाची तार निळ्या-पांढरीऐवजी पिवळीला जोडली होती. त्यामुळे ॲम्प्लिफायर रात्रभर जागा राहून मुकाट्याने वीज पीत होता. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची. एक अँपिअर जरी सतत गेला तरी दीड दिवसाच्या आत ती रिकामी. घरगुती परीक्षा अशी की, सकाळी गाडी चालू करण्यापूर्वी ॲम्प्लिफायरच्या अंगावर हात ठेवावा. तो कोमट लागला तर रात्री झोपला नव्हता. रंगांविषयी एक सावधगिरी मात्र हवी. हे रंग बाजारी स्टिरिओचे. गाडीच्या मूळ तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे, तेथे मीटरवरच विश्वास ठेवावा.

अर्थ आणि तो बारीक सूर

तिसरी तपासणी अर्थची. घरात वीज एका तारेने येते व दुसरीने परतते. गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडी अंगच. म्हणून काळी तार लोखंडाला जेथे जोडली तो सांधा तांबड्या तारेइतकाच महत्त्वाचा. आमच्याकडे ती मागील सीटच्या एका रंगवलेल्या बोल्टाखाली नुसती दाबली होती. रंग वीज वाहत नाही. मिस्त्रींनी गाणे मोठ्याने लावून मीटरची एक सुई ॲम्प्लिफायरच्या काळ्या खुंटीवर व दुसरी, लांब तार जोडून, बॅटरीच्या काळ्या टोकावर ठेवली. आकडा आला एक व्होल्टाहूनही अधिक! चांगल्या अर्थला तो एक-दोन दशांशांच्या आत असावा.

त्यांनी जवळच पत्रा खरवडून चकचकीत लोखंड काढले, तारेला कानाची टोपी दाबून बसविली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून गंज न चढण्यासाठी ग्रीस लावले. तार तांबडीइतकीच जाड आणि दीड-दोन फुटांहून लांब नाही. सीट बेल्टचा बोल्ट ह्या कामी कधीही घेऊ नये, असे त्यांनी बजावले. तो जिवासाठी आहे.

अर्थ सुधारताच ‘कुंईं’ असा सूर बहुतेक गेला. इंजिनाबरोबर चढणारा हा सूर अल्टरनेटरचा. बॅटरी भरणाऱ्या त्या यंत्राच्या विजेतील लहरी. स्टिरिओची अर्थ आणि ॲम्प्लिफायरची अर्थ यांच्यात दाबाचा फरक पडला की तो फरक गाणे नेणाऱ्या बारीक केबलमधून वाट काढतो आणि ॲम्प्लिफायर त्यालाही इमानेइतबारे मोठा करतो. शोधण्याची रीत सोपी आहे. स्टिरिओपासून येणारी ती केबल ॲम्प्लिफायरच्या टोकाला काढावी. सूर गेला, तर दोष केबलमध्ये किंवा स्टिरिओच्या बाजूस. राहिला, तर ॲम्प्लिफायरच्या अर्थमध्ये, स्पीकरच्या तारांत किंवा त्याच्या स्वतःच्या आत. आमच्याकडे उरलेला थोडा सूर केबल आणि जाड तांबडी तार एकाच बाजूने बांधून नेल्यामुळे होता. केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली आणि पेटीतल्या जुन्या तानपुऱ्याचा आवाज पुन्हा स्वच्छ ऐकू आला.

तांबडा दिवा काय सांगतो

राहिला तांबडा दिवा. हा दिवा लागला की लोक ॲम्प्लिफायर बिघडला असे समजतात. वस्तुतः तो स्वतःला वाचवीत असतो. मिस्त्रींनी चारही स्पीकरांच्या तारा काढल्या, दिवा लागेना. म्हणजे यंत्र ठीक. मग एकेक स्पीकर जोडीत गेले. मागील डाव्या दाराचा जोडून दार उघडमीट केले की दिवा लागे. दाराच्या बिजागरीपाशी तार चेमटून तिचे तांबे पत्र्याला लागत होते. नवी तार रबरी नळीतून नेली आणि ते दुखणेही संपले.

ह्या दिव्याचे दुसरे कारण म्हणजे स्पीकर फार जोडणे. चार ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडीवर समांतर लावले की दोन ओहम होतात आणि प्रवाह दुप्पट मागतात; ॲम्प्लिफायरच्या पुस्तकात किमान किती ओहम चालतात ते लिहिलेले असते, ते वाचावे. चार ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसतो, तो दोष नव्हे. आवाज येतो पण ठेका पोकळ वाटतो, तर बहुधा एका स्पीकरची टोके उलटी आहेत. स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरपासून काढून त्यांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावावा. सेलचे अधिक टोक अधिकच्या तारेला लागता पडदा बाहेर यावा. चौघांपैकी एक आत जात असेल तर त्याची टोके बदलावी.

दुकानात काय सांगावे

दोन दुपारींच्या शेवटी मिस्त्रींनी नवी जाड तांब्याची तार, बॅटरीपाशी फ्यूज आणि भिंतीच्या भोकात रबरी कडे बसवून गाडी हाती दिली. आम्ही हिशेब केला: दोष पाच, पाचही तारेचे. फ्यूज नाही, कडे नाही, अर्थ रंगावर, निरोपाची तार चुकीची, आणि स्पीकरची तार चेमटलेली. ज्या यंत्राला आम्ही महिनाभर शिव्या दिल्या त्यात एकही दोष नव्हता. तेच आजही आमच्या डिकीत वाजते आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी मुले अशी हौस करीत असतील तर त्यांस अडवू नये, पण गाडी ताब्यात घेण्यापूर्वी स्वतः बॉनेट उघडवून चार गोष्टी पाहाव्यात. बॅटरीजवळ फ्यूज आहे काय, पत्र्यातून तार जाते तेथे रबर आहे काय, अर्थच्या जागी रंग खरवडला आहे काय, आणि तार खरोखर तांब्याची आहे काय. डिकीत स्क्रू मारण्याआधी खाली पेट्रोलची टाकी किंवा नळी नाही ना, हे गाडीखाली वाकून पाहण्यास सांगावे. सीएनजीच्या गाडीत तर टाकी व नळी डिकीतच असते, तेथे छिद्र पाडण्याचे काम जाणत्यावाचून कोणाला करू देऊ नये. नव्या गाड्यांत पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या आणि विजेच्या गाड्यांत नारिंगी केबली उच्च दाबाच्या असतात. त्यांना हौसेच्या कामात हात लावू नये. गाडीच्या मूळ तारा कापू देऊ नयेत, त्यांस बसणाऱ्या तयार जोडण्या मिळतात. आणि शेवटची गोष्ट, दहा नंबरचा पाना गाडीत असावा. आपल्या गाडीच्या बॅटरीला तोच लागतो ना, हे एकदा घरी लावून पाहावे, आणि तो डिकीत सामानाखाली न ठेवता हाताशी ठेवावा.

पुढल्या उन्हाळ्यात कोठे जाता आले नाही, सगळे जगच घरात बसले होते. त्यानंतर प्रथम त्याच रस्त्याने निघालो तेव्हा मानपूरचा घाट उतरताना सौ. म्हणाल्या, “जरा गाणं बंद करा बघू.” चिरंजीवांनी बंद केले. आम्ही सर्वांनी काचा खाली करून मिनिटभर वास घेतला, कान दिला. नुसते इंजिन आणि वारा. मग नातवाने विचारले, “आजी, आता लावू?” आणि खलघाटाचा पूल येईपर्यंत भूपाळी चालू होती.